ग्रंथालये, अभिलेखागारे व संग्रहालयांतील आपत्ती व्यवस्थापन

ग्रंथालये, अभिलेखागारे व संग्रहालये यांमधील माणसे, इमारत आणि संग्रह यांना आग, पूर, भूकंप, कीड, चोरी, हिंसाचार इत्यादींपासून असलेले धोके ओळखणे, ते कमी करणे, प्रत्यक्ष आपत्तीत बचाव करणे व त्यानंतर संग्रह पुन्हा वापरात आणणे या सर्व कामांना मिळून आपत्ती व्यवस्थापन असे म्हणतात. प्रतिबंध, पूर्वतयारी, प्रतिसाद आणि पुनर्स्थापना असे त्याचे चार टप्पे मानले जातात. त्यांपैकी पहिले दोन टप्पे शांततेच्या काळातील आहेत. शेवटच्या दोहोंचे यश बहुतांशी त्यांवरच अवलंबून असते, कारण पाणी दारात आल्यावर कोणते कपाट आधी उचलायचे याचा विचार करण्यास वेळ उरत नाही. हा निर्णय आधीच घेऊन लिहून ठेवणे हे या विषयाचे सार होय.

पार्श्वभूमी

संग्रहाच्या रक्षणाची काळजी भारतीय परंपरेत जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक पुष्कळदा वाचकाला विनंती करीत असे की, या पोथीला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपावे आणि ती अजाण माणसाच्या हाती देऊ नये. आजच्या भाषेत ही धोक्यांची यादीच म्हणता येईल. पोथ्या व दप्तरे कापडात घट्ट बांधून ठेवण्याच्या रीतीमुळे धूळ, प्रकाश व कीड यांना अटकाव होत असे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदपत्रांचे गठ्ठे आजही ‘रुमाल’ या नावानेच ओळखले जातात. कपाटांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवण्याची पद्धतही सर्वपरिचित आहे.

आधुनिक शास्त्राला चालना मिळाली ती इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पुरामुळे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले आणि दहा लाखांहून अधिक ग्रंथ व इतर साहित्य चिखलात सापडले. देशोदेशीचे तरुण मदतीला धावले आणि ग्रंथ वाळविणे, धुणे व पुन्हा बांधणे यांची अनेक तंत्रे तेथे विकसित झाली. त्याच वेळी हेही स्पष्ट झाले की, एका रात्रीत झालेले नुकसान दुरुस्त करण्यास अनेक दशके लागतात.

महाराष्ट्रातील घटना

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात या विषयाची निकड दाखविणाऱ्या अनेक घटना आढळतात.

चिपळूण येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ साली स्थापन झालेले ग्रंथालय आहे. २६ जुलै २००५ रोजीच्या महापुरात वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले आणि या ग्रंथालयाचे हजारो ग्रंथ भिजून नष्ट झाले. संस्थेने संग्रह पुन्हा उभा केला; पण २२ जुलै २०२१ रोजी शहर पुन्हा पाण्याखाली गेले व ग्रंथालयाला दुसऱ्यांदा मोठी हानी सोसावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीतील, दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या नगर वाचनालयाचीही अशीच दशा केली. नदीकाठच्या शहरात पूर ही अनपेक्षित घटना नसून ठरावीक काळाने परत येणारी शक्यता असते, हे या घटनांतून दिसते.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या चित्रफिती ठेवलेल्या कोठाराला ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली. त्यात मूकपटांच्या व प्रभातच्या काळातील चित्रपटांच्या मूळ प्रती जळाल्या. या चित्रफिती सेल्युलोज नायट्रेटच्या होत्या. हा पदार्थ जुना झाला की आपोआप विघटित होतो, कमी तापमानाला पेट घेतो आणि जळताना स्वतःच प्राणवायू पुरवीत असल्याने पाण्यानेही सहज विझत नाही. येथे धोका बाहेरून आला नव्हता. तो संग्रहाच्या द्रव्यातच होता.

५ जानेवारी २००४ रोजी जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकावरून उठलेल्या वादात जमावाने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला केला. कपाटे फोडण्यात आली. ग्रंथ, पोथ्या व वस्तू यांची नासधूस झाली. याच संस्थेतील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांची नोंद पुढे २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली. मानवी हिंसाचार हाही आपत्तीचा एक प्रकार आहे आणि त्यासाठीही आराखडा लागतो, ही जाणीव या घटनेने दिली.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला. चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली व अनेक विभागांच्या फाइली जळाल्या. त्यानंतर इतर कार्यालयांतील प्रतींवरून फाइली पुन्हा तयार करण्याचे काम हाती घ्यावे लागले. ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र होती तोच परत मिळू शकला.

धोक्यांचे प्रकार

संग्रहाला होणारी हानी दोन गतींनी होते. आग, पूर, भूकंप, छत कोसळणे, चोरी व दंगल हे वेगवान धोके होत. दमटपणा, उष्णता, प्रकाश, धूळ, वाळवी, कसर, उंदीर, कागदातील आम्ल आणि निष्काळजी हाताळणी हे मंद धोके होत. मंद धोक्यांची बातमी होत नाही. तथापि लहान ग्रंथालयांत त्यांचे नुकसान अनेकदा अधिक असते. वाळवी भिंतीतून कपाटाच्या पाठीमागे शिरते आणि पुस्तकाचा पुट्ठा शाबूत ठेवून आतली पाने पोखरते. त्यामुळे कपाट हलविले जाईपर्यंत काही कळत नाही.

नोंद हरवणे हाही संग्रहाचा नाश मानला जातो. दाखल नोंदवही जळाली किंवा वस्तूवरील क्रमांकाची चिठ्ठी गळून पडली, तर वस्तू शिल्लक राहूनही ती कोणती, कोठून आली व कोणाची हे सांगता येत नाही. म्हणून दाखल नोंदवहीची एक प्रत इमारतीबाहेर ठेवणे हा पूर्वतयारीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे.

जोखमीचे मूल्यमापन

प्रत्येक धोक्याविरुद्ध सारखाच खर्च करणे कोणत्याही संस्थेला शक्य नसते. त्यामुळे प्रत्येक धोक्याबाबत तीन प्रश्न विचारले जातात : ही घटना साधारण किती वर्षांनी घडते, ती घडल्यास एखाद्या वस्तूचे मूल्य किती कमी होते, आणि संग्रहाचा किती भाग तिच्या कक्षेत येतो. या तिन्ही उत्तरांचा एकत्रित विचार करून जोखमींचा क्रम लावला जातो. उदाहरणार्थ, गळणारे छत दर पावसाळ्यात थोडी पुस्तके भिजविते, तर आग शंभर वर्षांत एकदाच लागून सर्व संग्रह नष्ट करू शकते. दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते, पण उपाय निराळे असतात.

मूल्यमापनाची सुरुवात इमारतीच्या फेरीने होते. विजेचा मुख्य फलक कोठे आहे, पाण्याची टाकी किंवा नळ संग्रहाच्या खोलीवर आहे काय, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने आत येते, परिसरात आजवर पाणी कितीपर्यंत चढले, बाहेर पडण्याचा दरवाजा कुलूपबंद तर राहत नाही ना, या गोष्टी नोंदल्या जातात. जुन्या रहिवाशांना आठवणारी पुराची खूण ही या कामी मोलाची माहिती ठरते.

आपत्ती आराखडा

लेखी आपत्ती आराखडा थोडक्यात असावा, कारण घाईच्या वेळी लांबलचक दस्तऐवज वाचला जात नाही. त्यात पुढील बाबी असतात :

१. अग्निशमन दल, पोलीस, वीज कंपनी, रुग्णालय व जबाबदार कर्मचाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक.
२. प्रथम कोणाला कळवावे व निर्णय कोण घेईल, याचा क्रम.
३. इमारतीचा नकाशा, त्यावर विजेचा मुख्य खटका, पाण्याची चावी, अग्निशमन यंत्रे व बाहेर पडण्याचे मार्ग.
४. आधी वाचवायच्या वस्तूंची अग्रक्रम यादी व त्यांची नेमकी जागा.
५. हलविलेला संग्रह ठेवण्यासाठी आधी ठरविलेली सुरक्षित जागा.
६. बचाव साहित्याची यादी : प्लॅस्टिकचे कागद व क्रेट, टीपकागद, सुती कापड, हातमोजे, मुखपट्ट्या, विजेऱ्या, दोरी, लेबले व पेन्सिली.

अग्रक्रम यादी करणे हे सर्वांत कठीण काम आहे. सर्वांत महाग वस्तू हीच सर्वांत महत्त्वाची असते असे नाही. बाजारात पुन्हा मिळणारा ग्रंथ मागे राहिला तरी चालतो. एकमेव हस्तलिखित, दाखल नोंदवही, गावातील नियतकालिकाचे एकच उरलेले अंक यांना मात्र पर्याय नसतो. शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे जे अ, ब, क, ड वर्गीकरण केले जाते, त्यातील ‘अ’ वर्ग कायमस्वरूपी जतन करायचा असतो. अग्रक्रम ठरविताना हे वर्गीकरण तयार आधार म्हणून वापरता येते.

सर्व परिस्थितीत पहिला नियम एकच असतो : माणसाचा जीव संग्रहापेक्षा महत्त्वाचा आहे. अग्निशमन दल किंवा प्रशासन परवानगी देत नाही तोपर्यंत संग्रह वाचविण्यासाठी कोणीही इमारतीत शिरू नये. आराखड्याचा सराव वर्षातून निदान एकदा व्हावा लागतो. सराव न झालेला आराखडा म्हणजे फाइलमधला आणखी एक कागद.

भिजलेल्या संग्रहाचा बचाव

पुरानंतरची सर्वांत मोठी शत्रू बुरशी असते. उष्ण व दमट हवेत ती साधारण ४८ ते ७२ तासांत दिसू लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिल्यास तिची वाढ सुकर होते. त्यामुळे पाणी ओसरल्यानंतरचे पहिले दोन दिवस निर्णायक असतात. पंचनामा व छायाचित्रे आवश्यक आहेत, कारण त्यांवर विमा व अनुदान अवलंबून असते. पण ती बचावाबरोबरच घ्यावीत, त्यासाठी काम थांबवू नये.

भिजलेली पुस्तके फुगलेली व जड असतात. ती ओढून काढल्यास पुठ्ठे सुटतात. ती दोन्ही हातांनी उचलून क्रेटमध्ये एका थरात ठेवावी लागतात. थोडी भिजलेली पुस्तके उभी करून, पाने किंचित उघडी ठेवून पंख्याच्या वाऱ्यात वाळविता येतात. मधूनमधून टीपकागद घालून तो वारंवार बदलावा लागतो. कडक उन्हात वाळविल्यास कागद आखडतो व बांधणी वाकते. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली पुस्तके ओली असतानाच वेगळी करावी लागतात. एकदा वाळली की त्यांची पाने एकमेकांस कायमची चिकटतात. पाण्यात विरघळणाऱ्या शाईची हस्तलिखिते चोळू किंवा पुसू नयेत.

पुस्तकांची संख्या फार असेल व ती दोन दिवसांत वाळविणे अशक्य असेल, तर त्यांना गोठवून ठेवणे हा मान्य उपाय आहे. उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात बुरशीची वाढ थांबते आणि पुढे सवडीने, शक्य तेथे निर्वात यंत्रात, पुस्तके वाळविता येतात. द्राक्षे किंवा बटाटे साठविणारी शीतगृहे शून्याच्या वरच्या तापमानावर चालत असल्याने ती या कामी उपयोगी पडत नाहीत. मासळी किंवा आइस्क्रीम साठविणारी शीतगृहे लागतात. असे शीतगृह कोठे आहे व ते अडचणीच्या वेळी जागा देईल काय, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी लागते. बुरशी लागलेली पुस्तके इतरांपासून दूर ठेवावीत आणि ती हाताळणाऱ्यांनी मुखपट्टी व हातमोजे वापरावेत, कारण बुरशीच्या बीजाणूंमुळे श्वसनाचे विकार होऊ शकतात.

आगीपासून संरक्षण

जुन्या इमारतींत जीर्ण वीजतारा, एकाच जोडणीवर लावलेली अनेक उपकरणे व जिन्याखाली साठविलेली रद्दी हे आगीचे नेहमीचे धोके आहेत. धूर ओळखणारी यंत्रे, संग्रहाच्या खोल्यांना आगरोधक दरवाजे, रात्री मुख्य वीजपुरवठा बंद करण्याची शिस्त आणि वेळेवर भरलेली अग्निशमन यंत्रे ही किमान व्यवस्था होय. विजेच्या आगीवर पाणी मारू नये. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे यंत्र वापरतात. आग विझविताना वापरलेल्या पाण्यानेही संग्रह भिजतो, म्हणून आगीनंतरचा बचाव हा बहुधा पूरबचावासारखाच असतो.

चोरी व नासधूस

२००४ साली शांतिनिकेतनातून रवींद्रनाथ ठाकूर यांचे नोबेल पदक चोरीस गेले. २०१८ साली हैदराबादच्या निजाम संग्रहालयात चोर झरोक्यातून शिरले व त्यांनी सोन्याचा डबा पळविला. तो काही दिवसांत परत मिळाला. वस्तूंची स्पष्ट छायाचित्रे, मोजमापे व खुणांचे वर्णन नोंदलेले असेल, तरच हस्तगत झालेली वस्तू आपली आहे हे सिद्ध करता येते. कुलपाइतकेच महत्त्व म्हणूनच सूचीला आहे.

मराठवाडा व शेंद्रा परिसर

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यावर असलेले शेंद्रा हे मूळचे ग्रामीण वस्तीचे ठिकाण असून आज ते औद्योगिक वसाहत व ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक नगरीसाठी ओळखले जाते. अशा परिसरात मोठे संग्रहालय नसले तरी शाळांची ग्रंथालये, गावचे वाचनालय, ग्रामपंचायतीचे दप्तर व शाळेचे जनरल रजिस्टर हा संग्रहच असतो.

या कागदांचे मोल २०२३ साली प्रकर्षाने दिसले. मराठवाड्यातील मराठा समाजातील व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि निजामकाळातील महसुली व शैक्षणिक नोंदींचा जिल्ह्याजिल्ह्यांत शोध सुरू झाला. मोडी व उर्दूतील कागद वाचणाऱ्यांची गरज भासली आणि हैदराबाद येथील जुन्या कागदपत्रांचाही धांडोळा घेण्यात आला. एखाद्या कुटुंबाचा दाखला गावातील एका जीर्ण रजिस्टरच्या एका ओळीवर अवलंबून असू शकतो. ते रजिस्टर वाळवीने खाल्ले असेल, तर त्या कुटुंबाचा पुरावाच नाहीसा होतो. लहान दप्तराची आपत्ती ही अशी कोणाच्याही लक्षात न येता घडते.

या भागातील धोक्यांचे स्वरूप कोकणाहून भिन्न आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो व हवा कोरडी पडते. पावसाळा लागताच दमटपणा एकदम वाढतो. या चढउताराने कागद ठिसूळ होतो व बांधणी सैल पडते. काळ्या जमिनीवरील इमारतींना, माती फुगून व आकसून, तडे जातात आणि त्यांतून पाणी व वाळवी आत येते. भूकंपाचा धोका कमी मानला जात असला, तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मराठवाडा पूर्णतः सुरक्षित नाही हे दाखविले. उंच कपाटे भिंतीला जखडणे आणि जड ग्रंथ खालच्या फळ्यांवर ठेवणे हे अल्पखर्चाचे उपाय आहेत. पुराच्या भागात मात्र सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच ठेवतात व दुर्मीळ ग्रंथ वरच्या मजल्यावर हलवितात.

औद्योगिक वसाहतीजवळ रासायनिक गळती व स्फोट यांचाही विचार करावा लागतो. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक केंद्रीय नियमांनुसार जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट स्थापन करण्याची तरतूद आहे. शाळा व वाचनालये यांनी आपला आराखडा या गटाच्या सूचनांशी जुळवून घेतल्यास विद्यार्थ्यांना सुरक्षित स्थळी नेण्याचा मार्ग आधीच ठरतो.

कायदे व मार्गदर्शक तत्त्वे

भारतात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ साली झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली संग्रहालयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली येतात, आणि इमारतींच्या अग्निसुरक्षेसाठी २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक ठेव्याचे रक्षण व्हावे म्हणून १९५४ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे निळ्या ढालीचे चिन्ह संरक्षित स्थळांवर लावले जाते.

डिजिटल प्रती व त्यांच्या मर्यादा

संगणकीय प्रतींमुळे मजकूर वाचतो, हे खरे. परंतु मूळ वस्तूची शाई, कागद, बांधणी व समासातील खुणा यांचा अभ्यास प्रतीवरून पूर्णपणे होत नाही. शिवाय प्रत ज्या संगणकात आहे तो त्याच इमारतीत असेल, तर एकाच पुरात दोन्ही जातात. म्हणून निदान एक प्रत दुसऱ्या गावी ठेवतात आणि ती उघडते की नाही हे ठरावीक काळाने तपासतात. निधी अपुरा असलेल्या वाचनालयासही दाखल नोंदवहीची पाने मोबाइलवर टिपून ती अन्यत्र सुरक्षित ठेवता येतात, फळ्या उंचावता येतात, छताची गळती मे महिन्यात दुरुस्त करता येते आणि अग्रक्रमाच्या पहिल्या पंचवीस वस्तूंची यादी दाराच्या आतील बाजूस लावता येते. या कामांना फारसा पैसा लागत नाही. ती वेळेवर, म्हणजे आपत्तीपूर्वी, करावी लागतात.